दिवा लावल्याशिवाय न बोलणारा रेडिओ

“मिस्त्रीभाऊ, हा रेडिओ दिवसा झोपते काय जी?”

मित्रांनो, हा प्रश्न माझ्याबद्दल होता! भर दुपारी, भरल्या चावडीत, मिशांवर हात फिरवत बसलेल्या सगळ्या बाप्यांसमोर सातवीतल्या एका पोरीने तो विचारला. तिचे नाव कमळा. तिच्या मैत्रिणी, बुधरी आणि सोमारी, चावडीच्या भिंतीआड तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होत्या. त्यांनीच तिला डिवचले होते. “मोठी शायनी हाये ना तू? मंग चांद्याच्या मिस्त्रीले विचारून दाखव. विचारलीस तर पोळ्यापर्यंत तुह्या घरचं पाणी आमी भरू!”

कमळाने विचारले. चावडी खो खो हसली. कमळाचा बाप लटारू मात्र हसला नाही. तो लालबुंद झाला आणि त्याचा हात वर गेला.

मीही हसलो असतो, पण मी बंद होतो. आणि खरे सांगू का? मलाही हा प्रश्न खुळचटच वाटला. अर्थात मी दिवसा झोपतो! त्यात विचारायचे काय? त्यानंतरच्या थोड्या वेळात मला जो धक्का बसला, तो इतकी वर्षे झाली तरी माझ्या लाकडातून गेलेला नाही. पण तो कळायला आधी मी कोण, ते तुम्हाला कळले पाहिजे.

मी एक जुना पंचायतीचा रेडिओ आहे. आज मी शाळेच्या अडगळीच्या खोलीत, फुटक्या फळ्यामागे पडलेलो आहे. माझ्या तोंडावरच्या जाळीदार कापडाला उंदरांनी भोक पाडले आहे. पण एके काळी माझा काय थाट होता! कुठल्याशा दूरच्या कारखान्यात मला चकचकीत लाकडी पेटी मिळाली आणि पोटात काचेचे व्हॉल्व्ह बसवले गेले. चालू केले की मी लगेच बोलत नसे. आधी व्हॉल्व्ह तापायचे, मग ते निखाऱ्यासारखे लाल व्हायचे, आणि मग कुठे मला कंठ फुटायचा.

मूल नावाच्या गावापर्यंत मी छोट्या रेल्वेने आलो. तिथून बैलगाडीने वैनगंगेच्या काठाला आणि मग डोंग्यात बसून पलीकडे. मला बसवून द्यायला एक सरकारी साहेब सोबत होता. माझी बॅटरी एवढी जड होती, की नावाडी म्हणाला, “एक त बॅटरी बसन, नाईतर साहेब बसन.” साहेब मुकाट्याने खाली उतरला आणि बॅटरी पहिल्यांदा पार झाली. अशा रीतीने मी मोहटोल्याला पोचलो. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि नाल्यापलीकडे बुधरीच्या लोकांचा गोंडी टोला, म्हणजे छोटी वस्ती. वीज नव्हती, डांबरी रस्ता नव्हता. आणि आता मी होतो!

साहेबाने दोन उंच बांबूंना माझी तार बांधली. माझ्या पेटीची किल्ली वारलू कोतवालाच्या हातात दिली आणि म्हणाला, “दिवेलागणीला चालू करायचा, कार्यक्रम संपला की बंद करायचा. उगाच मधे हात लावाल तर बॅटरी उतरेल.”

वारलू म्हणजे शब्दाचा पक्का माणूस. दिवेलागणीला म्हटल्यावर त्याने आधी दिवा लावला. हात जोडले. मग माझा खटका दाबला. मी गरम होईपर्यंत सगळे श्वास रोखून दिव्याकडे पाहत राहिले. आणि मी बोललो! बस्, गावाने ठरवून टाकले की रेडिओ दिव्यावर बोलतो.

पुढे एकदा लटारूने हट्ट धरला, म्हणून वारलूने मला उन्हे कलायच्या आधीच, दिवा न लावता चालू केले. नागपूर केंद्र नेमके त्या मधल्या वेळात बंद असायचे. पण हे गावाला कोण सांगणार? माझ्यातून नुसती घरघर आली. “पाहा!” वारलू घाबरून म्हणाला. “म्या सांगतलं होतं ना? थो दिव्याबिगर नाई बोलत!” संध्याकाळी दिवा लावला आणि मी छान बोललो. झाले, खात्री पटली. माझीसुद्धा! मित्रांनो, तुम्हाला लहानपणापासून सगळ्यांनी घुबड म्हटले, तर तुम्हीही उन्हात डोळे मिटून बसाल की नाही?

मग माझ्या दिव्याला तेल द्यायची प्रत्येक घराची पाळी ठरली. मोहाच्या बियांचे ते तेल. घरची बाई पदराखाली वाटी झाकून आणायची, वारलूच्या हाती द्यायची आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. आत पुरुष बसत. बायांना कानावर पडेल तेवढे पडेल. चावडीचा उंबरा त्यांनी कधी ओलांडलेला नव्हता, आणि ते कुणाला खटकतही नव्हते.

पण काय संध्याकाळी होत्या त्या! सोमवारी शेतीचा कार्यक्रम. त्यात दोन गडी बोलायचे, एक सर्वज्ञानी आणि दुसरा शंकेखोर. आमच्या गावाला शंकेखोरच आवडायचा. “बरोबर विचारलंस बापा!” म्हणून लटारू मला शाबासकी द्यायचा. मंगळवारी भजन. बुधवारी बाजारभाव, आणि त्यावर चावडीत हमखास भांडण: “नागपुरात डिंकाले एवढा भाव, अन् आपल्या बाजारात काऊन नाई?” गुरुवारी डॉक्टर हिवतापावर बोलत, तेव्हा अंगात ताप नसलेली माणसेही कपाळ चाचपून पाहत. आणि शुक्रवारी नाटक! आमच्याकडच्या लोकनाट्याला, दंडारीला, होते तशी गर्दी. एखादे पद रंगले की लोक ओरडत, “परत! परत!” मी तसाच पुढे जायचो, तेव्हा ते माझ्यावर रुसायचे. गावात वारांची नावेसुद्धा बदलली. “डॉक्टरवारी ये,” असे पाहुण्यांना निरोप जाऊ लागले. एका संध्याकाळी मी सांगितले, की आता आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. तेव्हा लटारू उठून बाहेर गेला, रस्ता पाहून आला आणि म्हणाला, “इथीच आहे जी सगळं.”

कमळा खिडकीला लागून बसायची. कान माझ्याकडे आणि हात बुधरीच्या वेणीत. बुधरी तिला गोंडी शिकवायची आणि कमळा बुधरीला पाढे.

आता जे सांगायचे आहे, ते सांगताना माझा आवाज खरखरतो.

कमळाची वहिनी पारबता. तिला मुलगी झाली. गोरीपान, मुठी आवळलेली. गावची सुईण सुगंधाबाई हिने नेहमीसारखी विळ्याने नाळ कापली, वर चुलीतली राख दाबली. आठवडाही भरला नव्हता, आणि बाळाने दूध ओढणे सोडले. जबडा आवळला गेला. अंग धनुष्यासारखे ताणले आणि सगळे संपले. गावात असे होतच असे. लोक म्हणत, “आयुष्य नव्हतं,” आणि धानाच्या बांधीवर कामाला जात. त्या दिवशी तेलाची पाळी लटारूच्याच घरची होती. कमळाच्या मायने डोळे पुसत वाटी आणून दिली. वारलूने दिवा लावला. आणि मी, माझी काय ती अक्कल, शेणखताबद्दल बोललो.

वर्ष गेले. पारबताला पुन्हा दिवस गेले होते. ती कुणाशी बोलत नसे. पाण्याची घागर घेऊन चावडीवरून जाताना ती मान खाली घालून जायची.

आणि ती दुपार आली. माझी बॅटरी बदलायला जिल्ह्याच्या गावाहून, म्हणजे चांद्याहून, येणारा मिस्त्री नेहमी संध्याकाळच्या मोटारीने यायचा. त्या दिवशी त्याला लाकडाचा ट्रक मिळाला, म्हणून तो जेवणवेळीच उतरला आणि माझी बॅटरी बदलून हात पुसत होता. तेवढ्यात कमळाने तो प्रश्न विचारला.

लटारूचा हात वर होताच. मिस्त्री मात्र पोट धरून हसत म्हणाला, “झोपते? हा काय घुबड आहे का, पोरी? दिवसा त लय बोलते! आज मंगळवार ना? आता बायांचा कार्यक्रम लागला असन.”

त्याने माझ्या खटक्याला हात घातला.

“थांबा, थांबा जी!” वारलू ओरडला. “दिवा नाई लावला!”

“दिवा कायले?”

“दिव्याबिगर बोलत नाई ना थो!”

“कोण सांगतलं बे तुले?”

“तुमच्याच साहेबानं. दिवेलागणीले चालू करा म्हणे.”

मिस्त्रीने कपाळावर हात मारला आणि खटका दाबला.

व्हॉल्व्ह तापले. दारातून ऊन थेट माझ्या तोंडावर येत होते. मला वाटले, आता माझी फजिती होणार, घरघर येणार. आणि माझ्यातून एक बाई बोलली! मित्रांनो, बाई! शांत, स्पष्ट, शेजारणीने ओसरीवर बसून बोलावे तशी. माझाच आवाज, आणि मी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. उन्हात! दिव्याशिवाय! मी इतकी वर्षे अर्धाच जगलो होतो काय? माझ्या पेटीचा खिळा न् खिळा हादरला.

ती बाई सांगत होती: “...नाळ कापायचं पातं आणि बांधायचा दोरा पाण्यात चांगला उकळून घ्या. सुईणीने हात साबणाने धुवावेत. नाळेवर राख, शेण, हळद, काहीही लावू नका. राखेमातीतून बाळाला धनुर्वात होतो. मग बाळ दूध ओढत नाही, त्याचा जबडा आवळतो, अंग ताठ होतं...”

बाप्यांचे मिशांवरचे हात थांबले.

बाहेर घागर खाली ठेवल्याचा आवाज झाला. पारबता उंबरा ओलांडून आत आली. मोठे पोट सांभाळत, बाप्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कुणी तिला अडवले नाही.

“भाऊ,” तिने मिस्त्रीला विचारले, “हे मागच्या साली बी सांगतलं होतं का इनं?”

मिस्त्रीला बिचाऱ्याला काय माहीत! तो हसतमुखाने म्हणाला, “हो ना वयनी! दरसाली सांगते. माह्या घरवालीले त पाठ झालं.”

पारबताने एक हात माझ्या पेटीवर ठेवला. तिची बोटे थंडगार होती. ती रडली नाही. ती नुसती माझ्या जाळीकडे पाहत राहिली, जणू आतली बाई तिला दिसणार होती. मिस्त्रीचे हसू हळूहळू ओसरले. लटारूचा कमळावर उगारलेला हात खाली आला आणि मग कुठे ठेवावा हेच त्याला कळेना.

“म्या त सांगतलं थेच केलो,” वारलू पुटपुटला. “म्या त दिवा कधी चुकवला नाई...”

मग त्याने कमरेच्या करगोट्याला बांधलेली माझी किल्ली सोडली आणि पारबतापुढे धरली. “घ्या बाई. मंगळवारी दुपारी तुमीच लावा.”

त्या मंगळवारापासून बाया आत बसू लागल्या. सुगंधाबाई सुईण पहिल्या दिवशी माझ्यासमोर कमरेवर हात देऊन उभी राहिली. “अर्ध्या गावाले म्या जगात आणली, अन् थे डब्यातली मले शिकवते? तिले म्हणा, ये इथी, मोहटोल्याच्या चिखलात एक बाळंतपण करून दाखव!” माझ्यातली बाई बोलतच राहिली. “पाहा, उत्तर बी देत नाई, शिष्ट कुठची!” पण ती उठून गेली नाही. पुढच्या मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी हजर होती. मध्येच तिने तोंड पुढे करून मला विचारले, “अन् पोर पायाळू असन त वं? त काय करू?” ती थांबली. सगळ्या थांबल्या. माझ्यात गाणे लागले. मला पुन्हा एकदा धक्का बसला. अरेच्चा, मला तोंड आहे, पण कान नागपूरपर्यंत पोचत नाहीत! मी सांगू शकतो. मला विचारलेले मात्र कुणालाच ऐकू जात नाही.

भर पावसात पारबताला कळा सुरू झाल्या. नंतर ओट्यावर बायांनी सांगितले ते मी ऐकले. कमळाने पाते आणि दोरा पातेल्यात घालून चुलीवर चढवला, तेव्हा सुगंधाबाई खेकसली, “पात्याचा चहा करून राह्यली का वं पोट्टे?” बाया तशातही हसल्या. पण कमळा पातेले उतरवायला गेली तेव्हा म्हातारी स्वतःच म्हणाली, “राहू दे. अजून एक चांगली उकळी येऊ दे.” मुलगा झाला. नाळेवर कुणी काही लावले नाही. पारबता रोज पहाटे त्याच्या ओठांना बोट लावून बघायची, ओढतो की नाही. तो ओढायचा. आठवडा गेला, पंधरवडा गेला. तो असा भोकाड पसरायचा, की चावडीत वारलू म्हणायचा, “रेडिओ बंद करा जी, लटारूभाऊचा नातू लागला!”

त्या दिवसांत मी फार खूश होतो. मला वाटत होते, सगळे मीच केले.

पावसाने उघडीप दिली आणि नाला उतरला, तशी बुधरी आली. कितीतरी मंगळवार ती आणि तिच्या टोल्यातल्या बाया येऊ शकल्या नव्हत्या. नाला दोन्ही काठ धरून वाहत होता. चावडीत कमळा माझ्यावरची धूळ पुसत होती. बुधरी तिच्याशी न बोलता माझ्यासमोर बसली.

“काय झालं वं?” कमळाने विचारले.

“काकीचं पोर गेलं. तसंच. जबडा धरला.”

कमळाच्या हातातले फडके तसेच राहिले. “तिले कोणी सांगतलं नाई? राख लावू नका म्हणून?”

“कोण सांगन?” बुधरी उसळली. “तुह्या रेडिओचा आवाज नाल्यापार येते का? अन् आला असता, तरी काकीले मराठी कुठी समजते? मी सांगतली तिले. थे म्हणे, तू पोट्टी, तुले काय समजते. तू विचारलीस, तुमच्या घरचं वाचलं. आमचं कोण विचारन, कमळे?”

मी बंद होतो. पण चालू असतो तरी काय बोललो असतो? माझी तार दोन बांबूंना बांधलेली. मला पाय नव्हते. आणि गोंडीचा एक शब्द मला येत नव्हता.

मित्रांनो, पुढे माझे दिवस फिरले. खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले, मग घराघरांत चित्रे दाखवणारी टीव्हीची पेटी आली. माझे व्हॉल्व्ह मिळेनासे झाले आणि एके दिवशी मला इथे आणून टाकले. त्याचे मला वाईट वाटते, नाही कसे म्हणू? तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात असेल. तिच्यावरची धूळ पुसत जा, तिने कुणाला काय काय सांगितले असेल ते घरातल्या मोठ्यांना विचारत जा. पण माझे एक मागणे याहून मोठे आहे. चांगली गोष्ट तुमच्या कानावर पडली, की मागे वळून बघा. ओट्यावर कोण बसले आहे? नाल्यापलीकडे कोण आहे? त्यांना ती ऐकू गेली का? माझ्यासारखे नुसते बोलून मोकळे होऊ नका.

बुधरी आली त्याच संध्याकाळी शुक्रवारचे नाटक होते. चावडी भरली होती. बायाही आत होत्या. कमळाची माय नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. नाटक ऐन रंगात आले, आणि कमळा उठली. ती माझ्याजवळ आली आणि तिने माझा खटका बंद केला. ऐन नाटकात! आजवर असे कुणी केले नव्हते. मी अर्ध्या वाक्यात गप्प झालो.

“ए पोट्टी!” वारलू ओरडला.

“कमळे, येडी झाली का?” लटारू अर्धवट उठला.

कमळा मला टेकून उभी होती. तिचा आवाज खणखणीत होता. शेवटच्या रांगेत बसलेल्या बुधरीपर्यंत पोचेल एवढा.

“बाबा, माय, ऐका. सातवीचा निकाल लागला, की मी चांद्याले जाणार आहो. दवाखान्यात राहून नर्सचं शिकीन. जितके साल लागन तितके लागू द्या, माह्यं लगन तोपर्यंत काढू नका. अन् शिकून आली, की पहिलं बाळंतपण मी नाल्यापार करीन, बुधरीच्या टोल्यात.”